मारोतीची चप्पल आणि जळालेला मॉनिटर

कॉम्प्युटरला भ्यायचं म्हणजे काय, ते आमाला विचारा. परभणीच्या आमच्या क्लासात एकच मशीन होतं. बाहेर चपला काढायच्या, पाय धुवायचे, मगच आत. कारण आधीचा मॉनिटर जळाला, तवा सर म्हणले होते, "बोरी गावचा मारोती चपलेसकट आत आला, धुळीनं जळालं." त्याच दिवशी मारोतीला क्लासातून काढलं.

एका दुपारी सर जेवायला गेले. माझा दोस्त सुधाकर, त्यानं सरांच्या ड्रॉवरातली गेमची फ्लॉपी लावली. भुयारात राक्षस मारत फिरायचा गेम होता. सुरू होतानाच पडद्यावर प्रश्न आला, मशीनमधलं पडद्याचं कार्ड कोणतं, काळं-पांढरं की रंगीत? आमाला राक्षस रंगीत पाहायचा होता. सुधाकरनं रंगीत निवडलं.

पडद्यावर नुसत्या आडव्या रेघा आल्या अन् मॉनिटर बारीक शिट्टी मारायला लागला. जळका वास सुटला.

सुधाकरनं माझ्या पायांकडं पाहिलं. "तू पाय धुतलेस न?"

"धुतले. तू?"

"मी बी धुतले. मग कामून वाजायलाय?"

तेवढ्यात सर पळत आले आणि बटण बंद केलं. आमी माना खाली घालून आपापल्या पायांकडं बघत उभे. सरांनी पायांकडं पाहिलंच न्हाई.

"रंगीत निवडलं असंल," ते म्हणले. "आपल्या मशीनला ते चालत न्हाई."

"सर, तुमाला कसं कळलं?"

"मागचा मॉनिटर जळाला, तवा मी रंगीत निवडलं होतं. अशीच शिट्टी वाजली होती."

मारोती तवर आईबापासंगं ऊसतोडीला गेला होता.