लांडग्याला वाट विचारणारी शेळी

सांगा बरं मायबाप, लेकराच्या मनात जे उमलतं, ते मोजायचं कशानं? तराजूनं? फूटपट्टीनं? की लाल पेनानं?

ऐका तर! धामणवाडीची शाळा, चौथीचा वर्ग. शिकवायला मालतीबाई. बाई वाईट नव्हत्या हो! कष्टाळू, पण नेमाच्या पक्क्या. त्यांनी फळ्यावर मुद्दे लिहिले — शेळी, रानात वाट चुकणे, लांडगा, युक्ती, सुटका, तात्पर्य. "चला, यावरून गोष्ट लिहा!" सहा मुद्दे, सहा गुण.

तेवीस वह्या आल्या. बावीस शेळ्यांनी लांडग्याला विहिरीत पाडलं! — हसता काय? तुमच्याही शेळीनं तेच केलं होतं!

तेविसावी वही सगुणाची. वर्गात तोंड न उघडणारी पोर. तिची शेळी म्हणाली, "लांडगेदादा, वाट चुकले. गावाकडे कसं जायचं?" लांडग्याला आजवर कोणी काही विचारलंच नव्हतं! सगळे नुसते पळायचे. तो भूक विसरला, पुढे चालू लागला, शेळीला वेशीपर्यंत पोचवून आला. संपली गोष्ट.

बाई म्हणाल्या, "सगुणा, युक्ती कुठंय?"

"वाट विचारली ना, बाई."

"ती होय युक्ती? आणि तात्पर्य?"

"ते... शेळीला माहीत नव्हतं."

वर्ग खो-खो हसला. सहापैकी चार!

मंडळी, जग घडवताना नारायणाला कोणी मुद्दे दिले होते का? तपासायला बाई असत्या, तर मोराचे पाय बघून दोन गुण कापले असते!

महिन्यानं पुन्हा गोष्ट, नवे मुद्दे. या वेळी सगुणाला सहापैकी सहा! बाईंनी पाठ थोपटली. पण वह्या मिटताना थबकल्या. वरचं नाव झाकलं, तर कोणती गोष्ट कोणाची, ओळखेना! आणि तो लांडगा? तो मात्र महिनाभर त्यांच्या मनातून हलला नव्हता. पूजेला बसल्या तरी समोर उभा!

"सगुणा, ती शेळीची गोष्ट दाखव गं."

"पुसली, बाई. चुकली होती ना."

काय झालं असेल त्या बाईच्या काळजाचं! रबरानं घासून पान पातळ झालेलं. त्यांनी ते खिडकीत उजेडासमोर धरलं. पेन्सिलीचे वळ तेवढे उरले होते. एकेक शब्द लावत बाई जमिनीवरच बसल्या, पोरीच्या शेजारी.

"वेशीपर्यंत पोचवलं... मग? परत एकटाच गेला का गं तो?"

पोर बघतच राहिली. "बाई, तुम्हाला नाही माहीत?"

"मला कसं माहीत असणार? गोष्ट तुझी."

"एकटा नाही गेला, बाई—" म्हणाली, आणि दप्तरात पेन्सिल शोधू लागली.

मायबाप, आज घरी जाल. लेकरू पदर धरून म्हणेल, "आई, एक राक्षस होता, तो रडत होता." 'राक्षस कुठं रडतात का?' — तुमच्या अगदी ओठांवर येईल. तेवढं गिळा! चूल थांबेल, टीव्ही थांबेल. त्याच्यापुढे मांडी घालून बसा आणि विचारा, "का रे रडत होता?"

आणि उत्तर येईस्तोवर उठू नका. नारायणाच्या पायाशी आजचं एवढंच मागणं.