गुरं किती ते विचारायचं नसतं

...अहो, भरपाईच्या अर्जातला पहिलाच प्रश्न तो! ‘वादळाआधी वासरं किती होती?’ आता तुम्हीच सांगा, हे काय विचारणं झालं? आमच्या टेकड्यांत माणसाला वय विचारा, ऑपरेशन कसलं झालं विचारा, पण गुरं किती ते विचारायचं नसतं. बँकेतली शिल्लक विचारल्यासारखं आहे ते! एकतीस वर्षं मी वेंडेलशी संसार करतेय, निम्म्या वासरांना लस मी टोचते, पण आकडा? तो त्याच्या खिशातल्या वहीत, आणि ती वही मी कपडे धुताना काढून ठेवते, पण उघडत नाही...

तर मार्चमधलं हिमवादळ. तीन दिवस. वासरं गेली हो, कुंपणाला चिकटून गेली. सरकार त्याची भरपाई देतं, आणि ती मिळाली नाही तर निम्म्या गाई लिलावात न्यायच्या. गाईच गेल्या तर पुढच्या वर्षी वासरं येणार कुठून? पण आमचा वेंडेल! गेली वीस वर्षं गावातल्या हॉटेलात बसून अनुदान घेणाऱ्यांना ‘सरकारी चाऱ्यावरची जनावरं’ म्हणत आलेला. त्याला अर्जाला बसवायला मला पाच दिवस लागले. शेवटची तारीख शुक्रवार, आम्ही गेलो शुक्रवारी, दुपारी तीनला!

तुम्हाला सांगते, सरकारी कचेरीत टेबलामागे बसणाऱ्या मार्व्हासमोर त्याने आकडा लिहिला तो कागदावर हॅट धरून. मीही दिसू नये म्हणून! मार्व्हा म्हणाली, आता साक्षीदार हवा, घरचा चालणार नाही, आणि त्याने आकडे स्वतः लिहायचे. आता गुरं किती ते विचारायचंच नसतं, तर बाहेरच्याला ठाऊक कसं असणार?

एकच माणूस. कुंपणापलीकडचा लॉइड. त्याचा बैल आमच्या गाईंत घुसला तेव्हापासून अकरा वर्षं अबोला. म्हणजे गाडी समोरून आली की स्टिअरिंगवरचं एक बोट दोघंही उचलतात, तेवढं सोडून! मीच फोन केला. लॉइड आला, चिखलाच्या बुटांनी, म्हणाला, “काय वेंडेल, चारा गोड लागतोय का?” आणि बसून झरझर लिहिलं.

मार्व्हाने दोन्ही कागद जुळवले. आमची आधीची वासरं दोनशे बारा, दोघांच्याही कागदावर! मेलेली, वेंडेलच्या कागदावर छत्तीस, लॉइडच्या कागदावर सदतीस.

वेंडेल तापला. “माझी वासरं मला शिकवतोस?”

लॉइड म्हणाला, “ओढ्याकाठी झुडपाखाली एक आहे. पांढऱ्या तोंडाचं. तू तिकडे गेला नाहीस.”

वेंडेलने डोक्यावरची हॅट काढली. मग छत्तीस खोडून सदतीस लिहिलं... आणि लॉइडला म्हणाला, “चहा घेतोस का?” अहो, आमच्याकडे चहा कोणी पितं का? कॉफी म्हणायचं होतं त्याला, पण अकरा वर्षांनी बोलताना जीभ कुठे सरळ वळते!

परतताना गाडीत सहज म्हटलं, “आणि लॉइडची किती?”

“एकशे चौऱ्याण्णव,” हा पटकन बोलला. मग वळून माझ्याकडे असं बघितलं! “अगं, गुरं किती ते विचारायचं नसतं.”

म्हटलं, बरं. जेवणात बटाटे किती घालू, एवढं तरी विचारू ना?