गुडघ्याच्या वर चार बोटं

गुरुजी : आणि उद्याच्या वाचनात तिसरा परिच्छेद मी सावकाश घेईन, तुझ्या हातांना वेळ मिळावा म्हणून. मागे तूच म्हणाली होतीस, मी पाठीमागे कुत्रं लागल्यासारखा वाचतो.

दुभाषी : तिसऱ्या परिच्छेदाचंच बोलायला आलेय, गुरुजी. उद्या मी उभी राहणार नाही.

गुरुजी : उभी राहणार नाहीस म्हणजे? डावीकडच्या दोन रांगांना माझं एक अक्षर ऐकू येत नाही. ती माणसं तुझे हात बघायला येतात. पाच वर्षांत तू तापातसुद्धा वाचन चुकवलं नाहीस.

दुभाषी : तापात हात चालतात.

गुरुजी : माझ्यावर रागावलीस का? मी घसा खाकरतो त्याची तू खूण करतेस आणि त्या दोन रांगा हसतात, हे मला ठाऊक आहे. मी कधी मनावर घेतलं नाही.

दुभाषी : ते तुम्हाला दिसतं होय? नाही हो, तुमचं खाकरणं तर त्यांना सगळ्यात आवडतं. अडलंय ते त्या ओळीवर. 'ज्याच्या ओठांवर दूध आहे, त्यालाही वगळू नका.'

गुरुजी : हं. वाटलंच होतं मला. हे बघ पोरी, ती आज्ञा त्या काळातली, त्या एका युद्धापुरती. शिवाय भाष्यकार तिचा अर्थ निराळा लावतात. शत्रूचं तान्हं मूल म्हणजे आपल्या मनात नुकता उपजलेला विकार. तो लहान आहे तोवरच संपवावा, असा त्याचा भाव.

दुभाषी : भाष्यकारांना बरं आहे, त्यांना नुसतं तोंड चालवायचं असतं. तुम्ही 'मारा' म्हणता, दोन अक्षरांत मोकळे होता. माझ्या भाषेत नुसतं 'मारा' होत नाही. कशाने मारलं, वरून की समोरून, ते हातांनी करून दाखवावं लागतं. आणि मूल म्हटलं की केवढं, ते दाखवावं लागतं. तळहात इतक्या उंचीवर धरायचा, आणि घाव तिथेच उतरवायचा.

गुरुजी : मोघम दाखव.

दुभाषी : मोघम हात कसा धरायचा, तुम्हीच सांगा. आणि अजून एक आहे. देव बोलतो तेव्हा मला खांदा वळवून देव व्हावं लागतं. 'मी सांगतो', असं स्वतःच्या छातीवर हात ठेवून. तुमच्या हातात निदान ग्रंथ असतो. माझ्या हातात काहीच नसतं.

गुरुजी : पाच वर्षं तू युद्धं दाखवलीस, पूर दाखवलेस, तेव्हा कुठे अडली नाहीस. मग याच ओळीला काय झालं? खरं बोल.

दुभाषी : मंगळवारी तुम्ही कागद दिलेत ना, ते घेऊन मी घरी आरशासमोर सराव करत होते. हात करताना ओठही हलवते मी. आई मागून ताटं घेऊन चालली होती. मी या ओळीवर आले आणि तिच्या हातातली ताटं पडली. आवाज तिला कुठला येणार? मीच दचकले. मागे वळले तर ती माझ्या ओठांकडे बघत होती.

गुरुजी : तुझी आई. पहिल्या रांगेत, कडेच्या खुर्चीवर बसते ती.

दुभाषी : तीच. नळाच्या पलीकडली आमची गल्ली पेटवली, तेव्हा ती मला पाजत मागच्या खोलीत बसली होती. बाहेरून लोक ओरडत होते, बाहेर या, काही करत नाही. ज्यांना ऐकू आलं ते सगळे बाहेर गेले. माझा भाऊ आजोबांचं बोट धरून गेला. आईला काही ऐकूच आलं नाही, म्हणून आम्ही दोघी उरलो.

गुरुजी : हे तू कधी सांगितलं नाहीस.

दुभाषी : तुम्ही तरी कधी विचारलंत? तिने फटीतून पाहिलं. सगळ्यात पुढचा माणूस काहीतरी म्हणाला, आणि मग त्यांनी हात उचलले. काय म्हणाला, ते तिला आजवर कळलं नव्हतं. ओठांचा आकार तेवढा लक्षात राहिला. आधी गोल, मग जीभ दातांमागे, मग पुन्हा गोल. लहानपणापासून ती तो आकार करून मला विचारायची, हे काय? मी सांगायचे, आई, यात शंभर वाक्यं बसतात. मंगळवारी माझ्याच तोंडावर तिला ते सापडलं.

गुरुजी : किती वर्षं झाली या गोष्टीला?

दुभाषी : अठ्ठावीस. ग्रंथाचं एक आवर्तनही तेवढ्याच वर्षांचं ना, गुरुजी? म्हणजे एक आवर्तन झालं. तेव्हा हा अध्याय कोणी वाचला होता?

गुरुजी : तू तपास करून आली आहेस.

दुभाषी : तपास कसला? दारामागच्या फळ्यावर नावं लिहिलेली आहेत सगळी. मला तुमच्या तोंडून ऐकायचंय.

गुरुजी : मी वाचला होता. नव्यानेच गादीवर बसलो होतो. क्रमाने आला तो वाचला. पदरचा एक शब्दही घातला नाही मी.

दुभाषी : तेच तर. तुम्ही एक शब्दही घातला नाहीत.

गुरुजी : वाचकाने काही घालायचं नसतं, काढायचं नसतं. शपथ असते तशी. आणि मी काय घालणार होतो? हे वाक्य देवाचं नाही म्हणू? मग त्याच पानावर लिहिलंय की तो मुंगीचं रडणंही ऐकतो, ते कोणाच्या भरवशावर खरं मानू? आणि देवाचंच आहे म्हणू? मग मी रोज कोणापुढे वाकतो? अठ्ठावीस वर्षं हेच चाललंय माझ्या डोक्यात. पुढल्या आठवड्यात तेच लोक येऊन बसले होते, पोरी. अंघोळ करून, धुतलेले कपडे घालून. आणि मी त्यांना पुढचा अध्याय वाचून दाखवला.

दुभाषी : तुम्ही ओळखत होतात त्यांना.

गुरुजी : नावानिशी. माझी जीभ उचलली नाही. भ्यालो होतो.

दुभाषी : (मंगळवारचे कागद त्यांच्यापुढे ठेवत) हे घ्या तुमचे कागद.

गुरुजी : उद्या घसा बसला म्हणून सांगतो. या आवर्तनात राहू दे हा अध्याय.

दुभाषी : आईला येऊ नको म्हणून मीही सांगून पाहिलं. ती म्हणाली, मी येणार. तू उभी राहिली नाहीस तर मी वाचणाऱ्याच्या ओठांकडे बघेन. आणि ते वाक्य झाल्यावर तो काय करतो, तेही बघेन.

गुरुजी : असं म्हणाली?

दुभाषी : अगदी असंच. आता माझी अडचण सांगते, म्हणजे मी पळ काढतेय असं वाटायला नको. आमच्या भाषेत प्रत्येक माणसाच्या नावाची एक खूण असते. भावाच्या नावाची खूण म्हणजे त्याची उंची. आई गुडघ्याच्या वर चार बोटं तळहात धरते, की आम्ही त्याच्याबद्दल बोलतोय. उद्या 'मूल' म्हणून मी हात धरणार, तो नेमका तिथे जाणार. आणि मग देव होऊन, त्याच जागी... आईसमोर. मला नाही जमणार, गुरुजी. तुम्ही कितीही सावकाश वाचा.

गुरुजी : नको करूस. तू आईशेजारी बस. ती ओळ मी वाचेन. माझ्याच तोंडून दिसू दे तिला.

दुभाषी : आणि त्याच्यापुढे?

गुरुजी : ग्रंथात शब्द घालायचा नाही, अशी शपथ आहे. हाताबद्दल शपथेत काही नाही. ती ओळ झाली की मी ग्रंथ मिटेन, समोर येईन आणि ती खूण धरेन. सभागृहात तेव्हाच्या त्या लोकांतले सहा-सात म्हातारे अजून येतात. मी काय धरलंय, ते त्यांनाही सांगेन.

दुभाषी : तुमची गादी जाईल.

गुरुजी : जाईल.

दुभाषी : आणि आईने माफ केलं असं समजू नका हं. ती तशी नाही.

गुरुजी : नाही समजणार. मला नीट दाखव, पोरी. त्याचं नाव तरी चुकायला नको. असा ना, तळवा जमिनीकडे?

दुभाषी : हो. बोटं सैल सोडा. डोक्यावरून हात फिरवतो ना, तशी.

(गुरुजी उभे राहून मांडीपाशी तळहात धरतात.)

गुरुजी : इतका?

दुभाषी : अजून खाली. एवढा मोठा नव्हता झाला तो.