ट्यूनर आत की बाहेर

मंडळी, ऐका. आवाज बसलाय माझा, सलग कार्यक्रम चाललेत. पेटीवाले, पट्टी जरा खालीच धरा. आज मोठं काही सांगत नाही, एकच विचारतो — घरातलं माणूस मागायचं थांबलं, म्हणजे ते तृप्त झालं का? माना हलवू नका इतक्यात. आधी चाळीसगावला चला.

तिथले वामनराव सोनटक्के, एसटीतून निवृत्त झालेले. बायको कावेरीबाई. तीस वर्षं खानावळ चालवली त्या माउलीनं! मागच्या वर्षी अर्धांगवायूचा झटका आला, उजवी बाजू गेली. तेव्हापासून अंघोळ, जेवण, वेणी — सगळं वामनराव. हसताय? सत्तराव्या वर्षी बायकोची वेणी घालून बघा, मग हसा.

माणूस थकला हो. दुपारी तासभर पाठ टेकावी, एवढीच इच्छा. तो तास मिळायचा टीव्हीमुळे. टीव्ही कायम बॉक्सवरच लावून ठेवलेला, बॉक्सचं एक बटण दाबलं की पाककृतींचा कार्यक्रम लागायचा, आणि कावेरीबाई त्यातल्या बाईला नावं ठेवत बसायच्या. हाताचा स्वयंपाक सुटला होता, हा तेवढा उरला होता. नेमका तो टीव्हीच बंद पडला.

वामनराव गेले दुकानात. दुकानदार रमजानभाईंनी दोन टीव्ही दाखवले, दोन्ही एचडी. एक मोठा, पण आत ट्यूनर, म्हणजे छत्रीवरून चॅनेल पकडणारा भाग, नाही; त्याला बॉक्स जोडावा लागणार. दुसरा लहान, ट्यूनर आतच.

"काका, हा घ्या," रमजानभाई लहानाकडे बोट दाखवून म्हणाले. "गच्चीवरच्या छत्रीची वायर सरळ यात लागते. रिमोट एकच. काकूंना डाव्या हातानं जमेल."

"अहो, घरचा बॉक्स धडधाकट आहे. तो काय फेकून देऊ?"

आता यात त्यांचं चुकलं काय? श्रीखंडाचा रिकामा डबा टाकवत नाही आपल्याला, चालू बॉक्स कसा टाकवेल? मोठा टीव्ही घरी आला. हार घातला, कुंकू लावलं, नारळ फोडला.

आणि झाली सुरुवात! रिमोट दोन. एकानं टीव्ही लावायचा, तो विचारणार — चित्र कुठून घेऊ? ते निवडायचं. मग दुसऱ्यानं बॉक्स जागा करायचा. लाईट गेली की पुन्हा पहिल्यापासून. कावेरीबाईंचा अंगठा भलत्याच बटणावर पडायचा.

"अहो, निळं झालं."

वामनराव उठले. पाठ टेकतात तोच —

"अहो, आवाज गेला."

चौथ्या दिवशी त्यांच्या तोंडून निघालं, "कावेरी, तासभर तरी सुखानं मरू दे मला."

त्यानंतर हाक आली नाही. आठ दिवस वामनराव गाढ झोपले. म्हणाले, शिकली बाई एकदाची. आपणही असंच म्हणतो की नाही?

नवव्या दिवशी चहा देताना त्यांनी सहज विचारलं, "आज काय केलं गं तुझ्या टीव्हीतल्या बाईनं?"

"शेवभाजी."

"जमली का?"

"छान होती."

वामनरावांचा हात तिथेच थांबला. मंडळी, पंचेचाळीस वर्षांच्या संसारात कावेरीबाईंनी दुसऱ्याच्या शेवभाजीला छान म्हटलं नव्हतं. सख्ख्या बहिणीच्याही नाही! त्यांनी उठून बॉक्सला हात लावला. गार होता, वर धूळ बसली होती. आठ-नऊ दिवस ती बाई निळ्या पडद्यासमोर नुसती बसत होती, आणि ते उठायच्या आत तो बंद करत होती.

"हाक का नाही मारलीस?" वामनराव रडायला लागले.

"दमता हो तुम्ही. दिसतं ना मला."

दुसऱ्या दिवशी त्यांनी मोठा टीव्ही परत नेला. रमजानभाईंनी बदलून दिला. लहान टीव्ही आला. डाव्या अंगठ्यानं एक बटण दाबलं, लागला. वामनराव आतल्या खोलीत आडवे झाले.

"अगं बये, खोबरं भाजतेयस की जाळतेयस?" बाहेरून आवाज आला.

झोप नाही लागली त्यांना त्या दिवशी. ऐकत पडून राहिले.

आता तुमचं बोलू. माझंही बोलू. माझी बायको पूर्वी रोज फोन करून विचारायची, कधी येताय? हल्ली विचारत नाही. मी समजत होतो, समजूतदार झाली. तुमच्या घरात कोण हल्ली काही मागत नाही? आलं का नाव मनात? मग टाळ राहू द्या खाली. आधी घरी जाऊन त्या माणसाजवळ बसा. देव थांबेल, त्याला आपल्या उशिराची सवय आहे.