मधला सूर

(श्रीरामपूर. पियानोपुढच्या बाकावर पुष्पावतीबाई आणि त्यांची जुनी विद्यार्थिनी मोनिका, शेजारी शेजारी.)

पुष्पावतीबाई : थांब. परत तुटला.

मोनिका : माझा डावा हात तर बरोबर होता, बाई.

पुष्पावतीबाई : हात बरोबर, सूर तुटला. ह्या फ्यूगमध्ये तीन सूर, एकमेकांत गुंफलेले. वरचा उजव्या हाताचा, खालचा डाव्याचा. मधला दोन्ही हातांत फिरतो. माझ्या उजव्यातून तुझ्या डाव्यात यायला तो अडखळतो.

मोनिका : दोन माणसं म्हटल्यावर अडखळणारच की.

पुष्पावतीबाई : लहानपणी चुकलीस की काय करायला लावायची मी?

मोनिका : मधला सूर तोंडानं गायचा, बाकीचे वाजवायचे. रडकुंडीला यायचे मी. मग तुमी शेंगदाण्याचा लाडू द्यायचात.

पुष्पावतीबाई : लाडवाचं बरं आठवतं. पुन्हा घे.

मोनिका : दिवसभर वॉर्डात उभी होते, बाई. उद्या बघू?

पुष्पावतीबाई : आत्ताच. आधी प्रील्यूडचा मोकळा तुकडा, मागून असा फ्यूग, अशा चोवीस जोड्या लिहिल्या हे रचणाऱ्या माणसानं. माझं अर्धं आयुष्य गेलं त्या बसवण्यात. शेवटचा प्रील्यूडही बसला, हा फ्यूग उघडला अन् अर्धांग झालं, डावा हात गेला. नाताळापर्यंत हात येईल म्हणालेत डॉक्टर. तोवर तू डावी बाजू सांभाळ.

मोनिका : हं. घ्या, सुरुवातीपासून.

पुष्पावतीबाई : खांदे का वर गेले तुझे?

मोनिका : कुठं काय.

पुष्पावतीबाई : काही लपवलंस की जातात. त्याच दवाखान्यात नर्स आहेस तू. काय म्हणाले डॉक्टर?

मोनिका : सोडा ना, बाई.

पुष्पावतीबाई : मोनिका.

मोनिका : हात न्हाई येणार. नाताळाचं मीच सांगायला लावलं त्यांना.

पुष्पावतीबाई : तू?

मोनिका : व्हय. बोलणं जड झालं म्हणून तुमी चर्च सोडलं. कुणाला भेटत न्हाई. ह्या बाकावर तेवढ्या बसता. तेही सुटलं तर काय करायचं, ह्याची भीती वाटली मला. रागवा हवं तर.

पुष्पावतीबाई : रागच आलाय. रोज सकाळी तेल लावून बोटं चोळत बसते मी, वेड्यासारखी.

मोनिका : बाई...

पुष्पावतीबाई : गप्प बस जरा.

मोनिका : बरं.

पुष्पावतीबाई : ...उठव मला. त्या खुर्चीत बसव.

मोनिका : पडायचंय का?

पुष्पावतीबाई : नाही. तू बाकाच्या मधोमध सरक. वरचा आणि खालचा सूर तू घे, दोन्ही हातांनी. मधला मी गाते.

मोनिका : तुमी गाणार? चर्चमध्ये तर तोंडही उघडायला तयार नव्हता.

पुष्पावतीबाई : तिथं शब्द म्हणावे लागतात गं. ह्यात कुठं शब्द आहेत?