शेवटचा फर्मा कपाटात असतो

रोझलीन : शेवटचा फर्मा कपाटात असतो, टिपणीस सर. यात गुपित काही नाही. सभासद कार्डाच्या मागे छापलंय.

सुधाकर : कार्डाला मागची बाजू आहे?

रोझलीन : आहे. बघा की.

सुधाकर : बघतो. पण कुठल्या पुस्तकाचा शेवटचा फर्मा?

रोझलीन : सगळ्याच. म्हणजे जादूच्या, राक्षसांच्या, खजिन्याच्या पुस्तकांचा. आमचे अँथनी होते ना, त्यांचा बाइंडिंगचा धंदा. पोरं पुस्तक न्यायची, ते मामाकडे नायगावला जायचं, तिथून आतेभावाकडे, आणि नाताळ आला तरी परत यायचं नाही. अँथनी म्हणाले, शेवटचा फर्मा, म्हणजे शेवटची सोळा पानं, उसवून वेगळी ठेवू. पुस्तक परत आणा, या बाकावर बसा, शेवट वाचा आणि घरी जा. तेव्हापासून गिरीजच्या या लायब्ररीतलं एक पुस्तक हरवलेलं नाही.

सुधाकर : सगळ्याच पुस्तकांचं असं करता?

रोझलीन : धार्मिक पुस्तकांना हात लावत नाही. त्यांचा शेवट लोकांना ठाऊक असतो.

सुधाकर : रोझलीनबाई, मी अकरा वर्षं तुमच्याकडची पुस्तकं वाचतोय.

रोझलीन : वाचत असाल, पण इथे आज पहिल्यांदा आलात. पुस्तकं तुमच्या मिसेस नेतात, वसुंधराताई, आणि त्याच परत आणतात. दर शनिवारी, भाजीच्या पिशवीतून. वरती वांगी असतात.

सुधाकर : एक मिनिट. म्हणजे या सगळ्या कादंबऱ्यांना शेवट आहे?

रोझलीन : असतो ना. लिहितात लोक.

सुधाकर : तुम्हाला कल्पना नाही बाई, तुम्ही काय बोलताय. मी 'खाडीकाठ' साप्ताहिकात किशोर कादंबऱ्यांची परीक्षणं लिहितो. अभिप्रायाच्या प्रती संपादक आपल्या पुतण्याला देतात, म्हणून मी तुमच्याकडून मागवतो. त्यातून माझा एक सिद्धांत तयार झाला आहे. 'मराठी किशोर साहसकथेतील खंडित शेवट'. राक्षस तलवार उगारतो आणि कादंबरी संपते. गुहेचं दार करकरतं आणि कादंबरी संपते. एकीत तर वाक्यसुद्धा पुरं नव्हतं. 'राजपुत्राने मागे वळून पाहिले तर'. संपलं. त्या 'तर'वर मी पालघरला पाऊण तास बोललो आहे.

रोझलीन : आई होती.

सुधाकर : काय?

रोझलीन : त्याने मागे वळून पाहिलं तर त्याची आई डबा घेऊन उभी होती. गडबडीत विसरून गेला होता ना तो.

सुधाकर : मी त्या ठिकाणी 'अस्तित्वाची अथांग पोकळी' म्हणालो होतो.

रोझलीन : डब्यात घावन होते.

सुधाकर : टाळ्या पडल्या होत्या हो.

रोझलीन : पडणारच. पालघरला कोण वाचतंय आमचे फर्मे.

सुधाकर : वसुंधरेला हे ठाऊक आहे?

रोझलीन : ताई तर शेवट वाचल्याशिवाय बाकावरून उठत नाहीत. त्या डबेवाल्या आईच्या वेळी रडल्यासुद्धा. मी पाणी दिलं.

सुधाकर : आणि मला एका शब्दानं बोलली नाही.

रोझलीन : बोलल्या होत्या म्हणे. तुम्ही म्हणालात, समीक्षकाच्या मतावर घरचा प्रभाव पडता कामा नये.

सुधाकर : असं म्हणालो होतो मी.

रोझलीन : दोनदा म्हणालात. तिसऱ्यांदा ताईंनी विषय काढला नाही.

सुधाकर : बरं, ते घरी गेल्यावर बघतो. तुम्ही चिठ्ठी पाठवून मला इथे का बोलावलंत? फर्मे दाखवायला?

रोझलीन : चिठ्ठी माझी, काम थॉमसचं. हा काय, आलाच. ये रे थॉमस, सायकल आडवी नको लावू दारात. सर, 'मिठागराखालचं राज्य' यानेच लिहिलंय.

थॉमस : टिपणीससाहेब ना? मी थॉमस लोपीस. चाळीस वर्षं मिठागरावर मुकादम होतो. रिटायर झालो आनि पुस्तक लिवलं. तुम्ही परीक्षन केलंत त्याचं.

सुधाकर : हो, हो. वाचलंय मी. म्हणजे बरंचसं वाचलंय, असं आता दिसतंय.

थॉमस : कापून ठेवलंय मी ते. 'बकरीला मरू देण्याचं धाडस मराठीत प्रथमच.' एवढं वाक्य पाठ आहे.

सुधाकर : चांगलं वाक्य आहे, असं मला आजवर वाटत होतं.

थॉमस : पन बकरी मरत नाय साहेब.

सुधाकर : थॉमसराव, पंधराव्या प्रकरणात फुलाई चिखलात रुतते. आधी पाय जातात, मग पोट. मग नुसती शिंगं दिसतात. मग शिंगंही दिसत नाहीत.

थॉमस : सोळाव्यात वर येते. खारासुराच्या पाठीवर बसून येते.

सुधाकर : राक्षसाच्या पाठीवर?

थॉमस : त्याच्या आंगावर हजार वर्षांचं मीठ साचलंय ना. खाज सुटते, म्हनून तो चिडका. त्याच्यापायी सगळी लढाई. बकरीला मीठ आवडतं. ती त्याला चाटते, चाटते, चाटते. मीठ निघतं. त्याला बरं वाटतं. लढाई बंद.

सुधाकर : म्हणून ती पहिल्या प्रकरणापासून दिसेल ते चाटत असते?

थॉमस : म्हनून तर.

सुधाकर : मी लिहिलं होतं, बकरीचं चाटणं हे भुकेल्या समाजाचं प्रतीक आहे.

रोझलीन : बकरी होती ती, सर.

सुधाकर : आता कळलं.

रोझलीन : पण अनुक्रमणिका तर पुस्तकाच्या सुरुवातीला असते. ती मी कपाटात ठेवत नाही. 'प्रकरण सोळावे : फुलाई परत येते.' पान नंबर दिलाय.

सुधाकर : ते मी वाचलं होतं. प्रकरणाचं नुसतं नाव द्यायचं आणि प्रकरण द्यायचंच नाही, याला मी 'वाचकाच्या आशेची निर्दय थट्टा' म्हटलंय. तिसरा परिच्छेद.

थॉमस : मला वाटलं, चांगलंच म्हनताय काही.

सुधाकर : चांगलंच म्हणत होतो.

थॉमस : मंग आता हे वाचा. परवा पुन्याहून आलं. प्रकाशकाचं.

सुधाकर : बघू. 'आपल्या कादंबरीची दुसरी आवृत्ती सोमवारी छपाईस जात आहे. मान्यवर समीक्षक श्री. सुधाकर टिपणीस यांच्या सूचक अभिप्रायाचा आदर राखून सोळावे प्रकरण गाळण्याचे ठरविले आहे. त्यायोगे कादंबरीस उंची प्राप्त होईल व एक फर्मा वाचेल.'

रोझलीन : उंची येणार आणि जाडी जाणार.

सुधाकर : पण मी गाळा असं म्हटलं कुठे?

रोझलीन : अंक आहे इथे. वाचते. 'लेखक बकरीच्या मृत्यूपाशी थांबतो. कुठे थांबावे हे कळणे, हीच खरी कला.' आता थॉमस तर थांबलेला नव्हता. त्याने पुढे सोळा पानं लिहिलेली होती. प्रकाशकाला वाटलं, तुम्ही शालजोडीतला दिलाय.

सुधाकर : मी शालजोडीतले देत नाही. माझ्याकडे ते कसब नाही.

थॉमस : माझी नात आहे, सुझान. नऊ वर्षांची.

सुधाकर : बरं.

थॉमस : फुलाई तिची बकरी. खरीच. गेल्या वर्षी उधानाचं पानी चढलं त्यात गेली. पोर धड जेवेना. मी म्हटलं, येईल परत. तर म्हनते कशी, कशावरून? मला काय सांगता येईना. मंग लिवलं. छापून आलं तेव्हा सोळावं प्रकरन तिच्यासमोर ठेवलं. बघ म्हटलं, छापलंय. छापलेलं खोटं नसतं. तवा ती पोटभर जेवली. आता ही दुसरी आवृत्ती तिच्या शाळेत जानार. वर्गातली पोरं तिला सांगनार, तुझी बकरी मेली, पुस्तकात लिवलंय.

सुधाकर : आजच पत्र लिहितो मी पुण्याला. कागद आहे? लिहा, 'महोदय, पुनर्वाचनात असे जाणवले की'...

रोझलीन : पहिलं वाचन कधी झालं?

सुधाकर : बरं. 'महोदय, माझ्या अभिप्रायाचा काहीसा विपर्यास'...

थॉमस : तसलं नको साहेब. तो म्हनेल, समीक्षकाचं मत बदललं, उद्या आनखी बदलेल, तोवर फर्मा वाचला तर वाचला. जे झालं ते लिवा.

सुधाकर : जे झालं ते लिहिलं तर माझं सगळं जातं, थॉमसराव. सिद्धांताचं पुस्तक येतंय पुढच्या महिन्यात. तीनशे पानी ग्रंथ आहे. अकरा वर्षं मी सकाळी साडेसहाला उठून टिपणं काढली आहेत.

रोझलीन : त्याचा शेवट कसा केलाय?

सुधाकर : खंडित.

रोझलीन : मग आणखी चार पानं अलीकडे थांबलं तरी कोणाला कळणार नाही.

सुधाकर : थट्टा करताय तुम्ही माझी.

रोझलीन : करतेय.

सुधाकर : थॉमसराव, तुमच्या नातीनं वाचलं का हो माझं परीक्षण?

थॉमस : वाचलं ना. मोठ्यानं वाचलं, आख्ख्या घराला.

सुधाकर : चिडली असेल.

थॉमस : नाय. मला म्हनाली, आजोबा, या काकांना कोनी बाकावर बसवलं नाय का? मीच रोझलीनबायला म्हटलं मंग, चिठ्ठी पाठव.

सुधाकर : असं म्हणाली?

थॉमस : आनि म्हनाली, त्यांना वाटत असेल ती खरंच मेली. किती दिवस वाटत असेल.

सुधाकर : जुलैपासून.

रोझलीन : सर?

सुधाकर : घ्या लिहून. 'महोदय, मी सोळावे प्रकरण वाचलेले नाही. ते वाचण्यासाठी गिरीजच्या लायब्ररीत बाकावर बसावे लागते, हे मला आज दुपारी समजले. बकरी जिवंत आहे. कृपया तिला मारू नये.'

रोझलीन : आणि बाकीच्या पुस्तकांचं?

सुधाकर : ते पुण्याला कशाला कळवायचं?

रोझलीन : नाहीतर प्रकाशकाला वाटेल, एकाच पुस्तकाचं राहून गेलं.

सुधाकर : लिहा. 'यापूर्वीच्या दोनशे चौदा कादंबऱ्यांचे शेवटही मी वाचलेले नाहीत. त्यांचे काय करायचे ते मी पाहीन.' द्या, सही करतो.

थॉमस : अशी नको, पूर्न नाव करा. त्यानं तुमच्या नावावरच गाळलंय.

(थॉमस पत्र घेऊन शेजारच्या बूथवर फॅक्स करायला जातो. रोझलीन कपाट उघडते.)

रोझलीन : घ्या. सोळा पानं. बाकाच्या डावीकडे बसा, उजवीकडे खिळा वर आलाय. वसुंधराताईंचा पदर दोनदा अडकला.

सुधाकर : पण मला आता सगळं ठाऊक झालंय. ती येते, चाटते, लढाई थांबते.

रोझलीन : मग ठेवू परत?

सुधाकर : नको. द्या.

रोझलीन : बोटाला थुंकी लावून पान उलटायचं नाही. तेही कार्डामागे छापलंय.

सुधाकर : या बाकावर ती एकटीच बसते?

रोझलीन : ताई? शनिवारी असतात पाचसहा पोरं. दाटीवाटीने बसतात. ताई त्यांना अडलेले शब्द सांगतात. आता वाचा, चारला बंद करते मी.

थॉमस : (परत येऊन) गेला फॅक्स. बूथवाल्या अल्पेशनं वाचला आधी, मंग मशिनीत घातला. विचारत होता, बकरी कुठली. पाच मिनिटांत पुन्याहून फोन पन आला त्याच्या बूथवर. प्रकरन ठेवतो म्हनाले. साहेबांचं पत्र शेवटच्या पानावर छापू का, विचारतायत.

रोझलीन : शेवटच्या पानावर नको म्हणावं. ते माझ्याकडे कपाटात येईल.

थॉमस : आनि ताई आल्यात बाहेर, पिशवी घेऊन. म्हटलं, साहेब आत बाकावर बसलेत. तर म्हनाल्या, मंग मी थांबते, घाई नाय. साहेब, ताई आल्यात.

रोझलीन : ऐकत नाहीत ते.

थॉमस : साहेब. कसा वाटला शेवट?

सुधाकर : थांबा हो जरा. बकरी अजून यायची आहे.