फेरीतून वगळलेलं घर

आमच्या कनेक्टिकटच्या गावात आज नामवंतांची घरं दाखवणारी वार्षिक फेरी होती. सकाळी औषधांच्या दुकानात माझ्यापुढे दोघी उभ्या होत्या: फेरी काढणारी ग्रेटा आणि एका जुन्या नटीची मुलगी कॉनी.

"ग्रेटा, यंदा आईचं घर वगळलंस?"

"अगं, नवे लोक विचारतात, या बाई कोण?"

"ती पहाटेपासून मोत्यांची माळ घालून खिडकीत बसलीय."

"फेरी रद्द झाली म्हणून सांग."

"आणि समोरच्या बेसबॉलवाल्याच्या दारात गर्दी जमली की? आंधळी नाहीये ती!"

"हळू बोल गं. मी तरी काय करू?"

"आमच्या कुंपणापाशी क्षणभर सगळ्यांना थांबव."

"सांगू काय त्यांना?"

"काही नको सांगूस. नुसतं खिडकीकडे बोट दाखव."